एका लॅपटॉपात दोन बिऱ्हाडं: दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम निवडण्याचा इतिहास

मागच्या दोन भागांत आपण खिळ्यांची छपाई आणि टाइपरायटर यांच्याबद्दल बोललो. आजचा विषय आपल्या टेबलावरचाच आहे, आणि त्याला एक ठरलेली तारीखही आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. नाव नोंदवणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांसाठी आणखी एक वर्ष सुरक्षा सुधारणांची सोय ठेवली आहे, पण ते वाढवून दिलेलं एक वर्षच. विंडोज ११ वर जायचं, तर यंत्रात टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप हवी आणि प्रोसेसरही ठरावीक यादीतला हवा. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा.

माझा लॅपटॉप २०१७ चा, सातव्या पिढीचा. पडदा स्वच्छ आहे, कळफलक उत्तम आहे, आठ जीबी मेमरी आहे. यंत्रात काहीही बिघडलेलं नाही. तरीही कागदोपत्री तो निवृत्त झाला. गेली काही वर्षं मी बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांतल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी टिपून ठेवते आहे. ते सगळं लिखाण याच यंत्रात आहे. त्यामुळे 'नवा घेऊन टाक' हा सल्ला मला पुरेसा वाटला नाही. मी याच लॅपटॉपात दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम घालायचं ठरवलं. मग कुठली घालायची, हा प्रश्न आला. आणि नेहमीप्रमाणे उत्तर शोधता शोधता मी इतिहासात शिरले.

आधी एक गैरसमज काढून टाकू. एका यंत्रात दोन सिस्टीम ठेवणं हा हौशी तंत्रज्ञांनी मागाहून काढलेला उद्योग आहे, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला, तेव्हा त्याच्यासाठी तीन ऑपरेटिंग सिस्टीम जाहीर झाल्या होत्या. मायक्रोसॉफ्टकडून आलेली पीसी-डॉस, गॅरी किल्डॉल यांच्या डिजिटल रिसर्च कंपनीची सीपी/एम-८६, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत जन्मलेली पी-सिस्टीम. म्हणजे निवड पहिल्या दिवसापासून होती. फरक किमतीचा होता. पीसी-डॉस ४० डॉलरला, तर सीपी/एम-८६ २४० डॉलरला. ती बाजारात आलीही उशिरा. गिऱ्हाइकानं काय घेतलं असेल, हे सांगायला नको.

दोन वर्षांनी, मार्च १९८३ मध्ये, आयबीएमचं एक्सटी हे मॉडेल आलं. त्यात दहा मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. डिस्क मोठी झाली तसा प्रश्न आला, की तिच्यावर कुणी राहायचं? त्यावर काढलेलं उत्तर पुढे कितीतरी वर्षं टिकलं. डिस्कच्या अगदी सुरुवातीच्या ५१२ बाइटमध्ये एक छोटा आज्ञासंच आणि एक तक्ता ठेवला गेला. तक्त्याला जागा फक्त ६४ बाइट, आणि त्यात चार नोंदी. प्रत्येक नोंद डिस्कचा एक भाग दाखवते. आपण त्याला पार्टिशन म्हणतो. हे चार भाग कशासाठी? वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीम एकाच डिस्कवर राहू शकाव्यात यासाठी. चार नोंदींपैकी एकीवर 'चालू' अशी खूण असायची आणि यंत्र सुरू झालं की तीच सिस्टीम उठायची. चार खोल्यांची चाळ बांधली होती म्हणा ना. पुढे मात्र बहुतेक घरांत एकाच भाडेकरूनं चारही खोल्या घेतल्या, आणि चाळ बंगल्यासारखी दिसायला लागली.

असं का झालं, याचं एक कारण लोकांची सवय. दुसरं कारण करारांत आहे. मायक्रोसॉफ्ट संगणक बनवणाऱ्या कंपन्यांशी असे करार करत असे, की कंपनीने विकलेल्या प्रत्येक यंत्रामागे शुल्क द्यायचं, मग त्या यंत्रात मायक्रोसॉफ्टची सिस्टीम असो वा नसो. अशा करारात दुसरी सिस्टीम घालणं म्हणजे दोनदा पैसे मोजणं. अमेरिकेच्या न्याय खात्याबरोबर १९९४ मध्ये जी तडजोड झाली, तिच्यात या प्रकारच्या करारांना मनाई झाली.

तेवढ्याने दार उघडलं का? बी-ओएसची गोष्ट ऐका. ॲपलमधून बाहेर पडलेल्या ज्याँ-लुई गॅसे यांनी १९९० मध्ये बी नावाची कंपनी काढली. त्यांची सिस्टीम ध्वनी आणि चित्रफितींच्या कामात फार चपळ होती. १९९८ मध्ये ती इंटेलच्या यंत्रांवर आली. विंडोजच्या शेजारी ती घालून विकायला तयार असणाऱ्या कंपन्यांना ती फुकट द्यायची तयारी बी कंपनीने दाखवली. जपानच्या हिताचीने तशी यंत्रं काढलीसुद्धा. पण यंत्र सुरू करताना 'दोहोंपैकी कोणती?' असं विचारणारी यादीच त्यात दिसत नव्हती. सिस्टीम डिस्कवर होती, तिच्यापर्यंत पोचायला खटाटोप करावा लागत होता. विंडोजच्या परवान्यातल्या अटींमुळे हे झालं, असं गॅसे यांचं म्हणणं होतं. २००१ मध्ये बी कंपनीची मालमत्ता पाम कंपनीने ११ दशलक्ष डॉलरला घेतली. बीने मायक्रोसॉफ्टवर दावा लावला. २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने कोणतीही चूक मान्य न करता २३.२५ दशलक्ष डॉलर देऊन तो मिटवला.

या गोष्टीतून मी एक धडा घेतला. दुसरी सिस्टीम चांगली असून भागत नाही. यंत्र सुरू होताना पहिला प्रश्न कोण विचारतं, ते महत्त्वाचं. तो पहिला क्षण ज्याच्या ताब्यात, त्याचं घर.

आता फिनलंडकडे जाऊ. हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ च्या जानेवारीत ३८६ प्रोसेसरचा संगणक घेतला. त्यात त्याने मिनिक्स घातलं. मिनिक्स ही ॲम्स्टरडॅमच्या प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७ मध्ये विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी लिहिलेली छोटी सिस्टीम. तिचा स्रोत वाचता येत असे, पण मनासारखा बदलून वाटायची मोकळीक नव्हती. लिनसने विद्यापीठाच्या यंत्राशी फोनवरून जोडून घेण्यासाठी एक छोटा कार्यक्रम लिहायला घेतला, आणि तो वाढत वाढत सिस्टीमच व्हायला लागला. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने मिनिक्स वापरणाऱ्यांना आपण असं काही करतो आहोत, हे कळवलं. म्हणजे लिनक्स जन्माला आलं तेच दुसऱ्या सिस्टीमच्या शेजारी, त्याच डिस्कवर. पुढे एकदा मोडेमऐवजी डिस्कवरच मजकूर लिहिला गेला आणि मिनिक्सचा भाग खराब झाला. मिनिक्स परत घालायचं की आता आपल्याच सिस्टीमवर राहायचं? त्याने दुसरा मार्ग घेतला. १९९२ मध्ये त्याने लिनक्सला जीपीएल हा परवाना लावला: वापरा, वाचा, बदला, वाटा, पण पुढच्यालाही तेच हक्क द्या.

मग आले दोन सिस्टीमांना एकत्र नांदवणारे कार्यक्रम. आधी लिलो. लिनक्सचा गाभा डिस्कवर नेमका कुठे आहे, तो पत्ता लिलो पाठ करून ठेवायचा. गाभा बदलला आणि लिलोला पुन्हा सांगायचं राहिलं, की यंत्र उठायचं नाही. १९९५ मध्ये एरिक बोलिन यांनी ग्रब सुरू केला. त्याने पत्ता पाठ करण्याऐवजी डिस्कवरच्या फाइली वाचायला शिकून घेतलं. आजही यंत्र सुरू होताना काळ्या पडद्यावर जी यादी दिसते, ती बहुधा ग्रबचीच. जुन्या काळी विंडोज नव्याने घातलं की ते पहिल्या ५१२ बाइटमधला आज्ञासंच आपल्यासाठी पुन्हा लिहायचं आणि लिनक्सकडे जाणारी वाट बुजायची. म्हणून 'आधी विंडोज, मग लिनक्स' हा क्रम ठरला. आजही सल्ला देणारे तोच क्रम सांगतात.

भारतात हे सगळं पोचलं ते डाकेने. १९९० च्या दशकात पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सच्या सीडी यायच्या. इंटरनेट फोनच्या तारेवरून रांगत यायचं, तेव्हा सहाशे-साडेसहाशे मेगाबाइट उतरवून घेण्याची कल्पनाच नको. २००० मध्ये जर्मनीच्या क्लाऊस क्नोपर यांनी क्नोपिक्स आणलं, आणि डिस्कला हात न लावता सीडीवरूनच सिस्टीम चालवून पाहण्याची पद्धत लोकप्रिय झाली. ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटू आलं. त्याच्या सीडी कॅनॉनिकल कंपनी मागेल त्याला जगभर फुकट पाठवत असे, २०११ पर्यंत. लहान गावांतल्या किती मुलांचा दुसऱ्या सिस्टीमशी पहिला परिचय त्या पाकिटातून झाला असेल! केरळने तर सरकारी शाळांमध्ये मुक्त सॉफ्टवेअरच नेलं. तिथल्या मुलांसाठी लिनक्स ही दुसरी सिस्टीम नव्हतीच, ती पहिली होती. सी-डॅकने २००७ मध्ये भारतीय भाषा डोळ्यांसमोर ठेवून बॉस लिनक्स काढलं.

इथे मराठीचा मुद्दा येतो, आणि माझ्यासाठी तोच सगळ्यात मोठा. भारतीय लिपींसाठी इनस्क्रिप्ट हा कळफलक १९८६ मध्ये ठरला. इस्की ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये मानक झाली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यात देवनागरी होती. पण घरोघरच्या आणि छापखान्यांतल्या संगणकांवर प्रत्यक्षात काय होतं? निरनिराळ्या कंपन्यांचे फॉन्ट. त्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवले होते. फाइलमध्ये खरोखर इंग्रजी चिन्हंच असायची, फक्त ती मराठीसारखी दिसायची. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तीच फाइल उघडली, की कथा-कविता जाऊन तिथे चिन्हांची भेळ. विंडोजमध्ये युनिकोड देवनागरी आली ती विंडोज २००० पासून, मंगल फॉन्टबरोबर. एक्सपीमध्येसुद्धा ती सोय वेगळी चालू करावी लागे. लिनक्सच्या बाजूला लोहित फॉन्ट आले. रेड हॅटने ते २००४ मध्ये मुक्त केले आणि त्यांची निगा पुण्यातल्या मंडळींनी राखली.

मराठीची गरज हिंदीपेक्षा वेगळी आहे, हेही तेव्हा पटवून द्यावं लागलं. 'सुऱ्या', 'वाऱ्यावर' यांसारख्या शब्दांतला आडवा र हिंदीला लागत नाही, आपल्याला पावलोपावली लागतो. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हे आपले आकार. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयातही ते नमूद आहेत. आज कुठल्याही चांगल्या लिनक्समध्ये इनस्क्रिप्ट असतो. ऱ, मग हलन्त, मग य, एवढं दाबलं की 'ऱ्य' उमटतो. पण जुन्या फॉन्टमधल्या फाइली अजूनही जुन्याच राहतात. माझ्याकडे आलेल्या आठवणींपैकी काही वडीलधाऱ्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी अशाच फॉन्टमध्ये टाइप करून ठेवल्या होत्या. त्यांचा संसार एका फॉन्टवर, तो फॉन्ट एका सिस्टीमवर आणि ती सिस्टीम एका कंपनीच्या तारखेवर अवलंबून होता. माणसं गेली, आणि आता त्यांचं लिहिलेलंही वाचता येणार नाही की काय, ही माझी खरी काळजी होती.

आता निवडीकडे येते. आज शेकडो लिनक्स आहेत, आणि नावांची यादी पाहून माणूस गांगरतो. पण घराणी मोजकी आहेत. १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी डेबियन सुरू केलं. ते कुणा कंपनीचं नाही, स्वयंसेवकांचं आहे. त्याच्या पोटी उबुंटू आलं, आणि २००६ मध्ये उबुंटूवरून मिंट. दुसरं घराणं रेड हॅटचं. २००३ पासून त्यांचं सर्वांसाठीचं अपत्य म्हणजे फेडोरा. तिसरं आर्च, २००२ चं. ज्यांना प्रत्येक वीट स्वतः रचायची हौस आहे, त्यांच्यासाठी. लिनक्सबाहेर फ्रीबीएसडी आहे. बी-ओएसच्या चाहत्यांनी २००१ पासून पुन्हा उभारायला घेतलेली हायकूही आहे. घराणं कळलं की बाकीचं सोपं होतं. कंपनीवर विसंबायचं की समुदायावर? सहा महिन्यांनी नवं हवं, की काही वर्षं तेच शांतपणे चालायला हवं?

मी डेबियन घेतलं. माझं कारण इतिहासातलंच आहे. तीन कंपन्यांच्या निर्णयांमुळे लोकांची यंत्रं आणि लिखाण कसं अडलं, हे वाचल्यावर मला कंपनीविना चालणारं घर हवं होतं. १९९७ मध्ये डेबियनने आपल्या वापरकर्त्यांशी एक लेखी सामाजिक करार केला, तो आजही लागू आहे. पूर्वी त्यात वायफायची अडचण यायची, कारण काही चिपना लागणारे बंदिस्त भाग ते मूळ सीडीत ठेवत नसत. २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून ते सोबत येतात. ज्यांनी आजवर विंडोजच पाहिलं आहे, त्यांना मात्र मी मिंट सुचवते. खालची पट्टी, कोपऱ्यातला मेन्यू, सगळं ओळखीचं वाटतं. घरात आई-बाबांना वापरायचं असेल, तर हा मुद्दा लहान नाही.

विंडोज पूर्ण काढून का टाकलं नाही? कारण जुने फॉन्ट आणि ते लिहिणारे कार्यक्रम तिथेच चालतात. पुष्कळांसाठी कारण टॅली असेल, नाहीतर डिजिटल सहीचं टोकन. ते खरं आहे आणि त्यात कमीपणा नाही. मी वाटणी अशी केली: इंटरनेट, बँक, पत्रव्यवहार, नवं लिखाण डेबियनमध्ये. विंडोज इंटरनेटशिवाय, फक्त जुन्या फाइली उघडून त्यांचं युनिकोडमध्ये रूपांतर करण्यापुरतं. ज्या सिस्टीमच्या सुरक्षा सुधारणा थांबल्या, तिच्यावर बँकेचं काम करू नये, एवढं तरी मनावर घ्या.

थोडं कामाचं सांगते. नव्या यंत्रांत ते जुने ५१२ बाइट मागे पडले. आता यूईएफआय आहे, आणि चारऐवजी साधारण १२८ भागांची सोय असलेला नवा तक्ता. प्रत्येक सिस्टीम एका सामाईक छोट्या भागात आपापली फाइल ठेवते, त्यामुळे एकमेकींवर लिहिण्याचं भांडण कमी झालं. पण २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर सिक्युअर बूट आलं: सही असलेली सिस्टीमच सुरू होणार. लिनक्सवाल्यांनी मायक्रोसॉफ्टची सही घेतलेला शिम नावाचा छोटा दुवा तयार केला आणि वाट काढली. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुधारणेने अनेकांचे जुने शिम नाकारले आणि त्यांचं लिनक्स उठेना. पहिला क्षण कुणाच्या ताब्यात, हा प्रश्न अजून संपलेला नाही.

म्हणून घालण्याआधी चार गोष्टी करा. बाहेरच्या डिस्कवर पूर्ण बॅकअप घ्या आणि एखादी फाइल त्यातून उघडून पाहा. बिटलॉकर चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, कारण बूटच्या रचनेत बदल झाला की ती मागितली जाते. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण झोपत नाही, आणि लिनक्स त्याचा भाग फक्त वाचायला देतं. विंडोजचा भाग लहान करायचा तो विंडोजच्याच साधनाने करा.

आणि घालण्याआधी सिस्टीम पेन ड्राइव्हवरून दोन दिवस वापरून पाहा. वायफाय लागतो का, आवाज येतो का, झाकण मिटल्यावर यंत्र झोपतं का आणि परत उठतं का, प्रिंटर ओळखतो का. मग मराठी कळफलक लावून 'वाऱ्यावर सुऱ्या' असं टाइप करा. ते नीट उमटलं, तर ती सिस्टीम तुमच्या घरात राहायला लायक.

एक गंमत होईल, घाबरू नका. लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेलात, की घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. यंत्रातलं घड्याळ लिनक्स जागतिक वेळेवर ठेवतं, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं. दोघांपैकी एकाला समजावलं की झालं. लंडनच्या माणसाला हिवाळ्यात हा फरक दिसतही नाही, आपल्याला बरोबर साडेपाच तासांचा दिसतो.

माझ्याकडच्या जुन्या फाइलींपैकी बऱ्याच आता युनिकोडमध्ये आल्या आहेत. त्या दोन्ही सिस्टीममध्ये उघडतात, फोनवरही उघडतात. तुमच्या घरी जुना लॅपटॉप असेल, आणि त्यात आजोबांनी, मावशीने काही टाइप करून ठेवलं असेल, तर सिस्टीम निवडण्याआधी त्या फाइली बाहेर काढा. त्यांना मुदत कुणी लावलेली नाही, पण त्या उघडणारी यंत्रं दरवर्षी कमी होत आहेत.

पुढच्या भागात युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टांबद्दल सविस्तर बोलू. तोवर नमस्कार.